दृष्ट लागू नये म्हणून

आपल्या गुलाबांना दृष्ट लागेल म्हणून हौसाक्का घरच्या ग्रुपवर मुद्दाम सुकलेल्या फांद्यांचेच फोटो टाकायच्या. वाचता फारसं येत नसल्यानं आलेली उत्तरं सून वाचून दाखवायची.

आज धाकट्या जावेनं लिहिलं होतं, “अक्का, गुलाब जगत नसतील तर शेवंती लावा. ती कुणालाही जमते.”

“कुणालाही?” हौसाक्कांचं डोकं फिरलं. “दृष्ट गेली चुलीत! सूनबाई, काढ फोटो!” पदर खोचून त्या तरारलेल्या चाळीस गुलाबांपुढे उभ्या राहिल्या.

फोटो गेला. लगेच जावेचं उत्तर आलं. सून चाचरत वाचू लागली, “वा! कुठल्या नर्सरीत गेला होतात?”

हौसाक्का मटकन पायरीवर बसल्या नि हसत सुटल्या. “त्या मेलीला काय बोलू? चार वर्षं माझ्याविरुद्धचे पुरावे मीच पाठवत होते!”