अर्धं सोललेलं केळं

डाग्नी फ्योर्डच्या पाण्यातून बाहेर आली, तेव्हा आयनरची सायकल जागेवर नव्हती.

तिची होती. हँडलवर हेल्मेट उलटं टांगलेलं, पट्टे मोकळे. खाली बूट, नाड्या सैल केलेल्या. सीटवर केळं, खालच्या टोकाकडून अर्धं सोललेलं, कारण वरच्या टोकाकडून सोललेलं केळं डाग्नी खात नाही. का खात नाही ते तिलाही माहीत नाही, पण आयनरला हे पक्कं माहीत होतं. केळं अजून पांढरंशुभ्र होतं. म्हणजे तो आत्ताच गेला होता.

"आयनर?" तिने सायकलीला विचारलं.

इतरांच्या ट्रायथलॉनमध्ये पोहणं, सायकल आणि धावणं अशा तीन गोष्टी असतात. एडीएचडीवाल्यांच्या, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणाऱ्यांच्या, या क्लबात चौथीही होती, ती म्हणजे यातली सध्या कुठली चालू आहे हे लक्षात ठेवणं. म्हणून त्यांची कोच बोडिल हिने जोड्या लावल्या होत्या. पाण्यातून जो आधी निघेल त्याने सायकलींपाशी थांबायचं आणि दुसरा आला की त्याच्या कानात ओरडायचं, हेल्मेट! बूट! चल! पुढे शेवटपर्यंत बरोबर. डाग्नीने आजवर एकही शर्यत पुरी केली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात ती एकटीच उतरली होती, तर पाण्यातून निघून रबरी सूटमध्येच थेट बेकरीत गेली आणि नंबराची चिठ्ठी घेऊन शांतपणे उभी राहिली. "यंदा मी आहे ना," आयनर म्हणाला होता.

तो विसरला असता तर प्रश्नच नव्हता. क्लबात विसरणं माफ होतं. म्हातारा प्रेबेन ओडेन्सेला जाणाऱ्या गाडीत एकदा सायकल विसरला होता आणि एकदा सासू. पण विसरलेला माणूस दुसऱ्याचं केळं सोलत बसत नाही.

डाग्नीने हेल्मेट घातलं. बूट घातले. केळ्याला हात लावला नाही. आणि निघाली.

मग भलतंच झालं. वाटेत एक पांढरा घोडा कुंपणावरून मान काढून उभा होता, तिने पाहिला नाही. एक पवनचक्की बंद पडली होती, ती का पडली असेल असं तिच्या मनातही आलं नाही. कुणाच्या तरी अंगणात निळी होडी विकायला ठेवली होती. एरवी तिने ती घेऊन टाकली असती. अख्ख्या रस्त्यात डोक्यात एकच विचार होता, की त्याच्या लक्षात होतं. डॉक्टरांना इतक्या वर्षांत गोळ्यांनी जे साधलं नव्हतं, ते आयनरने एका केळ्यात करून दाखवलं.

सायकल ठेवल्यावर धावायचं असतं, हेही तिला आपोआप आठवलं.

शेवटच्या रेषेवर बोडिल हमसून हमसून रडत होती. "डाग्नी! शेवटपर्यंत आलीस गं! आणि चक्क स्वतःच्या सायकलवर!"

आयनर आधीच पोचला होता. ऊब राहावी म्हणून चंदेरी कागदात गुंडाळलेला, भट्टीत घालायच्या बटाट्यासारखा.

"काय रे, हिच्यासाठी थांबला नाहीस?" प्रेबेनने विचारलं.

सगळे आयनरकडे बघू लागले. डाग्नीही. त्याने काहीही म्हणावं, अगदी तिला शिवी द्यावी, फक्त तो एक शब्द म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं.

"विसरलो," आयनर म्हणाला.

"प्युट!" सगळे एका सुरात ओरडले. प्युट म्हणजे जाऊ दे. कुणी 'विसरलो' म्हटलं की बाकीच्यांनी 'प्युट' म्हणायचंच, पुढे विचारायचं नाही, असा क्लबाचा नियम होता. प्रेबेनच्या सासूलाही तो पाळावा लागला होता.

डाग्नीने तेवढं 'प्युट' म्हटलं नाही.

"म्हण की गं बाई," प्रेबेन म्हणाला. "तू बेकरीत गेलीस तेव्हा आम्ही म्हटलं होतं. आणि तू तर आमच्यासाठी साधा पावसुद्धा आणला नव्हतास."

सगळे हसले आणि कॉफीच्या टेबलाकडे वळले. आयनर मागे राहिला. कागद चुरचुरवत तिच्याजवळ आला.

"ऐक ना," तो खालच्या आवाजात म्हणाला. "खरं सांगतो. मी थांबलो होतो. तू पाण्यातून येताना दिसलीसही मला. पण तुला बघितलं आणि मला वाटलं की..."

"काय वाटलं?"

कोपऱ्यावरून घंटा वाजली. आइस्क्रीमची गाडी आली होती. क्लबातल्या सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळल्या, पाठोपाठ पाय. आयनरचेही.

डाग्नीने मान वळवली नाही. तो जिथे उभा होता त्या गवताकडे ती पाहत राहिली.

तो परत आला तो दोन्ही हातांत आइस्क्रीम घेऊन. तिचं ज्येष्ठमधाचं होतं. वरचं चॉकलेटचं कवच तिला आवडत नाही, म्हणून तेवढं त्याने वाटेतच खाऊन टाकलं होतं.

"घे," तो म्हणाला. "हं, मी काय सांगत होतो?"

तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. स्वच्छ, रिकामा चेहरा. असा चेहरा खोटा करता येत नाही. तो खरोखरच विसरला होता.

"तुला काहीतरी वाटलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तेवढ्यात गाडी आली."

आयनर कपाळाला आठ्या घालून आठवू लागला. अगदी मनापासून. दोन्ही आइस्क्रीम वितळून त्याच्या मनगटांवरून कोपरांपर्यंत ओघळली, तरी डाग्नी त्याच्यासमोरून हलली नाही.