माग थांबला तेव्हा

आईने धोटा मांडीवर ठेवला आणि पावड्यांवरून पाय काढले. हातमागाच्या खोलीतला खटखटाट भर दुपारी थांबला.

"अगं, काय करतेस?" कांडी भरता भरता सासूबाई दचकल्या.

"थांबवला."

"बाहेर पाहुणे बसलेत!"

"म्हणूनच थांबवला."

या घरात पुढची खोली पुरुषांची, मागाची खोली बायकांची. बैठक भरली की बाईने तिकडे फिरकायचं नाही, आणि पुरुषाने इकडचा उंबरा ओलांडला तर माग रुसतो म्हणे. दिवसाउजेडी माग थांबायचा तो बाळंतपणाला नाहीतर मयताला. मग घरच्या पुरुषाने उंबऱ्याशी येऊन काय झालं ते विचारायचं, हा रिवाज. तोंड देवाने सगळ्यांनाच दिलंय. पण बाईचं बोलणं बाहेर पोचायला एवढीच वाट होती.

बाहेर लेकीचं लग्न ठरत होतं. बिजवर, दोन लेकरांचा बाप, तिच्या दुप्पट वयाचा. लेक कोपऱ्यात सुताचा गुंता सोडवत बसली होती. "नको" एवढंच ती आईला म्हणाली होती, तेही एकदाच.

कीर्तनात टाळ थांबला की डुलक्या घेणारासुद्धा डोळे उघडतो. तसंच झालं. बोलणी थांबली, पावलं वाजली, लेकीचा बाप उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहिला.

"काय झालं?"

आईने पदर सावरला. "तिला नकोय हे स्थळ. एकदा तिला विचारा हो. तुमचीच लेक आहे ती."

त्याने लेकीकडे पाहिलं. तिनेही पाहिलं, मान खाली न घालता. आईला वाटलं, पावला देव.

मग त्याने बाहेरच्या कोनाड्यातली तेलाची बुधली उचलली, वाकून उंबऱ्याच्या आत ठेवली आणि मागे वळून मोठ्याने म्हणाला, "काही नाही हो! माग कुरकुरत होता. तेल घालायला सांगितलंय."

बैठकीत हशा पिकला. "बाई काय नि माग काय," पाहुणे म्हणाले, "तेलपाणी वेळेवर झालं की कुरकुर नाही!"

तो हसत हसत परत गेला. आई बुधलीकडे बघत राहिली.

"तुझ्या नणंदेचं लग्न ठरताना मीही थांबवला होता," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तुझ्या मामंजींनीही तेलच आणलं."

"मग मला आधी सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर थांबवला असतास का?"

लेक उठली. "सरक आई," म्हणाली आणि मागावर बसली. धोटा तिने बाजूलाच ठेवला. आडवा धागा न घालता ती नुसतीच फणी ठोकू लागली. खट्. खट्. खट्.

"हं, झाला सुरू," पलीकडून बापाचा आवाज आला. "तर मग, तारीख कुठली धरायची?"