हजार तास

मृण्मयीचे हजार तास भरले एकदाचे! विमानं आता स्वतःच उडायची. ती अडली तरच वैमानिकाने हात लावायचा, आणि कॅप्टन व्हायला फक्त तेवढेच तास धरले जायचे.

“ताई, पेढे कुठायत?” विमानाने विचारलं. “माझी नजर गेली म्हणून कॅप्टन झालीस बरं!”

मृण्मयीला हसताच येईना.

“सारखं आंधळं होतंय बिचारं, कारणच सापडत नाही,” इंजिनियर ढवळेकाका म्हणाले. “आज भंगारात काढतोय.”

“ताईला फार त्रास दिला मी,” विमान पुटपुटलं.

मृण्मयीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने कपाळावरची टिकली काढली आणि कॉकपिटच्या काचेमागच्या, विमानाच्या कॅमेऱ्यावर चिकटवली.

“ताई, परत दिसेनासं झालं गं!”

“दरवेळी मीच चिकटवायचे, काका,” ती म्हणाली. “माझे तास खोडा.”