पाच ग्रॅम शिसं

“रॅकेटवर एकशे साठ ग्रॅम लिहिलंय आणि काटा एकशे ब्याऐंशी दाखवतोय. काटा खोटा की कंपनी खोटी?”

क्लबात रॅकेटींना तारा ओढून देणाऱ्या गटिंगवाल्याने डोळे मिटून घेतले. हा प्रश्न समोरचे काका तीन दिवसांत चौथ्यांदा विचारत होते.

“काका, लिहिलेलं वजन नुसत्या फ्रेमचं असतं. त्यात तार नाही, ग्रिप नाही, मनगटाची दोरी नाही.”

“मग तसं लिहावं ना.”

काउंटरवर अकरा रॅकेटी पसरल्या होत्या. काका एकेक उचलत, वांगी निवडावीत तशी उलटीपालटी करत आणि नाक मुरडून परत ठेवत. क्लबात दर रविवारी सकाळी दोन व्याही रॅकेटबॉल खेळत. चार भिंतींच्या बंद खोलीत एका रबरी चेंडूमागे दोन सासरे धावत. एकाचा मुलगा, दुसऱ्याची मुलगी. म्हणून गटिंगवाला मनातल्या मनात एकाला मुलाकडचे म्हणे, दुसऱ्याला मुलीकडचे. आत्ता समोर उभे होते ते मुलाकडचे, आणि ते सलग नऊ रविवार हरले होते.

“खांदा वर जात नाही रे आता,” ते म्हणाले. “असेल त्यात हलकी दे, आणि आणखी हलकी कर. या रविवारी हरलो तर खेळ बंद. दर आठवड्याला सूनबाईसमोर तोंड पाडून जेवायला बसायचं म्हणजे काय?”

गटिंगवाल्याने सगळ्यात बारीक तार ओढली. जाड ग्रिप सोलून कागदासारखी पातळ गुंडाळली. मूठ बोटभर कापली. काटा एकशे एकाहत्तरवर आला. मुलाकडच्यांनी दोनदा खात्री केली, मग फ्रेमवरच्या स्टिकरकडे बोट दाखवलं.

“हा किती ग्रॅमचा असेल?”

त्याने स्टिकरही खरवडला.

मुलाकडचे गेले आणि तासाभराने मुलीकडचे आले. त्यांनी स्वतःची रॅकेट वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती.

“हिचं वजन वाढव. आणि व्याह्यांना कळता कामा नये.”

“वाढवू?”

“ते हरून हरून खेळ सोडतील. मग रविवारी सकाळी मी काय करू? बायकोशेजारी बसून पडद्यांचे रंग ठरवू? शिवाय पोरगी फोनवर रडते. सासरे हरले की पानावरून उठतात म्हणे.”

गटिंगवाल्याने डोक्याकडच्या प्लास्टिकच्या पट्टीखाली शिशाची पट्टी चिकटवली. पाच ग्रॅम. बाहेरून काही दिसत नव्हतं. चला, एकदाचं मिटलं, असं त्याला वाटलं. माणूस अनुभवाने शहाणा होतो म्हणतात. गटिंगवाल्याला क्लबात अठरा वर्षं झाली होती, तरी त्याला तसं वाटलं.

रविवारी मुलाकडचे जिंकले. सोमवारी ते दुकान उघडायच्या आधीच दारात उभे होते. चेहरा मात्र पडलेला.

“व्याही थकले रे. चेंडू समोरून जायचा आणि यांचा हात मागून यायचा. मला बघवेना. माझ्या रॅकेटीत थोडं वजन घाल. पण त्यांना सांगायचं नाही हं, फार मानी माणूस आहे.”

गटिंगवाल्याने तोंड उघडलं. मग त्याला वर्तमानपत्रात गुंडाळलेली रॅकेट आठवली आणि त्याने ते मिटलं. शब्द म्हणजे शब्द.

पुढच्या रविवारी मुलीकडचे चुकून जिंकले. गुरुवारी आले, पाच ग्रॅम वाढवून गेले. त्याच्या पुढच्या रविवारी मुलाकडचे जिंकले, सोमवारी पाच वाढवून गेले. दोन महिने हेच. शिशाचं एक रीळ संपलं, गटिंगवाल्याने दुसरं मागवलं. रॅकेटी हातात घेतल्या की कपडे धुवायच्या धोपटण्याची आठवण व्हायची. पूर्वी अर्ध्या तासात संपणारा डाव दोन-दोन तास चाले आणि पुढचं बुकिंग असलेले लोक गटिंगवाल्यावर डाफरत. मुलीकडच्यांच्या कोपराला पट्टा आला, तसा आठवड्याभरात मुलाकडच्यांच्याही आला. दोघंही त्याला एकांतात गाठून एकच वाक्य ऐकवत, “व्याह्यांकडे बघवत नाही रे.” इकडे गटिंगवाल्याला रात्री झोपेत आकडे दिसत. त्याची बायको म्हणाली, पाच ग्रॅम, पाच ग्रॅम करून ओरडता, कुठे वाईट नादाला लागलात की काय?

नवव्या सोमवारी मुलाकडचे पुन्हा आले. उजवा हात उचलत नव्हता, म्हणून त्यांनी डाव्या हाताने रॅकेट काउंटरवर आदळली.

“आणखी पाच घाल.”

गटिंगवाल्याने कात्री खाली ठेवली. त्याचा शब्द, त्याचा धंदा, त्याची अठरा वर्षांची सभ्यता, सगळं एका श्वासात संपलं.

“काका, बस झालं. तेही हेच करतायत. दोन महिने. तुमच्यासाठी. आता दोघं समोरासमोर बसा, हसा, रडा, काय करायचं ते करा आणि मला सोडा.”

मुलाकडचे स्टुलावर बसले. डोळे ओलावल्यासारखे दिसले. गटिंगवाल्याने त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला. हे आधीच सांगायला हवं होतं, असं त्याला मनापासून वाटलं. दोन म्हातारे एकमेकांवर इतका जीव टाकतात, हे का लपवून ठेवायचं?

“म्हणजे त्या पहिल्या रविवारी मी जिंकलो,” मुलाकडच्यांनी हळू विचारलं, “तेव्हाही त्यांच्या रॅकेटीत शिसं होतं?”

“होतं, काका.”

त्यांनी पाणी संपवलं. ग्लास नीट खाली ठेवला. मग रॅकेट त्याच्याकडे सरकवली.

“माझं सगळं काढ. कणभरही ठेवू नकोस.”

“काढतो,” गटिंगवाला सुटकेच्या आनंदात म्हणाला, “आणि त्यांना निरोप पाठवतो. त्यांचंही आजच काढून टाकू.”

“त्यांचं राहू दे,” मुलाकडचे उठता उठता म्हणाले. “त्यांना आता सवय झाली आहे.”