पितळी बत्त्या

वरातीची वेळ झाली आणि भैयाजींच्या मोटारीच्या पितळी बत्त्या काही पेटेनात. मोटार १९१२ची, साल आलेलं १९५४. बत्त्या विजेच्या नव्हेतच, कार्बाइडच्या. ड्रायव्हरशेजारच्या पायरीवरच्या डब्यात खाली खडे, वर पाणी, आणि दोहोंच्या भेटीतून निघून नळीने बत्त्यांत जाणाऱ्या गॅसवर ज्योत. ओमप्रकाश मिस्त्रीचा सगळा जन्म बॅटऱ्यांत गेलेला. त्याने खड्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. गॅस भसकन उडून गेला आणि डब्यात चुन्याचा चिखल उरला.

पुतण्याची वरात या मोटारीच्या स्वतःच्या उजेडात नेणार, असं भैयाजींनी सगळ्या महाल वस्तीत सांगून ठेवलं होतं. आता चार लोकांत नाक कापलं जाणार.

"राहू द्या. पुढं दोन पेट्रोमॅक्स बांधा," ते म्हणाले.

मांडवाच्या खांबाआड रुख्माबाई उभी होती. या मोटारीचे ड्रायव्हर मारोतराव तिचे यजमान. ते गेल्यापासून शुभकार्यात ती आडोशालाच उभी राही. पण पेट्रोमॅक्सचं नाव ऐकलं आणि तिला राहवेना. तिने येऊन डबा उपडा केला, पदराने कोरडा पुसला.

"एकदम पाणी काहून ओतलं गा? याले थेंब थेंब पाजा लागते."

तिने नवे खडे भरले, पाणी कमी-जास्त सोडणारी चकती अर्धी फिरवली. ओमप्रकाशने काडी काढली तसा तिने त्याचा हात धरला.

"आधी वास येऊ दे."

लसणासारखा उग्र वास आला. मग तिने स्वतः काडी लावली. दोन्ही बत्त्यांचा पांढराशुभ्र झोत रस्त्यावर पडला आणि बँडवाले वाजवायचं विसरून बघत राहिले.

"मारोतरावानं पक्कं शिकवलं तुम्हाले," भैयाजी म्हणाले.

"त्याइले मीनं शिकवलं," रुख्माबाई मान वर करून म्हणाली. "सावनेरच्या बाजारात माझ्या बाचं चिवड्याचं दुकान कारबाईटच्या दिव्यावरच चाले."

वाटेत चकती सांभाळायला कोणीतरी हवंच होतं. भैयाजींनी ड्रायव्हरशेजारचं दार उघडून धरलं. त्यांची थोरली बहीण यमुताई कानाशी कुजबुजली, "विधवा बाई वरातीच्या पुढं? मागून चालू दे तिले."

"बत्ती कधी मोटारीच्या मागं लावतात काय, ताई?"

रुख्माबाई चढून बसली. मोटार हलली तशी तिने चकती जराशी ढिली केली, आणि उजेड पार चौकापर्यंत गेला.