निसतो चिखल

"थंय कायेक नाय, बाये. निसतो चिखल," भिवा तांडेल नकाशाकडे न बघताच म्हणाला. मासे कुठं वाढतात ते शोधून तिथली मासेमारी बंद करायला आलेल्या त्या पोरीला गावानं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"बरं झालं," तिनं फुली मारली. "बंदरवाल्यांना गाळ ओतायला अशीच ओसाड जागा हवीय."

भिवानं फुलीकडे पाहिलं. पाण्याखालचं लेकुरवाळं खडप ते! तांबोशी मासळीच्या विणीच्या दिवसांत त्याच्या आज्यानंही तिथं जाळं टाकलं नव्हतं.

"थांब! खोटां बोललंय मी. मासळी थंयच वाढता."

"म्हातारो फितूर झालो रे!" मागे जमलेल्या गाववाल्यांतून कुणी ओरडलं.

भिवा वळला नाही. "बंद कर. माझां जाळां पयलां बंद कर," तो पोरीवर खेकसला. "पण थंय गाळ पडलो, तर तुझी होडी किनाऱ्याक लागाची नाय."