सलग एकशे आठ

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला दुकान उघडायच्या आधी जेमतेम अर्धा तास मोकळा मिळायचा. अंथरुणाला खिळलेल्या बायकोचं सगळं आवरून तेवढ्यात तो देवघरात जपाला बसायचा. नेम मोठा कडक: मध्ये उठावं लागलं, की माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून. तिच्या हाताशी त्यानंच पूजेतली घंटा ठेवली होती आणि ती नेमकी साठाव्या-सत्तराव्या मण्यालाच वाजायची. कधी पाणी हवं असायचं, कधी कूस बदलायची असायची.

काल मात्र तो वैतागला. "अगं, चार वर्षं झाली. एक माळ तरी धड पुरी होऊ दे की."

"बरं," ती म्हणाली.

आज एकशे आठ मणी सलग झाले. माळ डोळ्यांना लावून तो लहान मुलासारखा हरखून तिच्या खोलीत गेला. "ऐकलंस का? देवानं मनावर घेतलं एकदाचं."

ती गेली होती.

घंटा तिच्या मुठीत घट्ट धरलेली होती, आणि घंटेच्या आत तिनंच कोंबून ठेवलेला रुमालाचा बोळा.